मामांची गोळी आणि तिची सुट्टी

सर्व भयांमध्ये मृत्यूचं भय सर्वांत मोठं, असं अनेक थोरांनी लिहून ठेवलं आहे. माझ्या मामांना शनिवारचं भय त्याहून मोठं वाटे.

कारण साधं होतं. पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना जी बारीक पांढरी गोळी दिली होती, ती सोमवार ते शुक्रवार घ्यायची आणि शनिवार-रविवार बंद ठेवायची, असा हुकूम होता. ही गोळी अंगात साठत जाते. कमी पडली तर हृदय ऐकत नाही आणि जास्त झाली तर तीच हृदयाला धरते, म्हणून मध्ये दोन दिवस सोडायचे, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. मामांनी मान डोलावली, दोन्ही हात जोडले आणि बाहेर येऊन जिन्यात मला थांबवलं.

"मास्तर, ही गोळी काय दिल्ली सरकारात नोकरीला हाय व्हय? शनवार-रयवार दोन दोन सुट्ट्या?"

"मामा, ती साठते म्हणून."

"ते कळलं. पर सुट्टीच्या दिवशी काळजाकडं कोण बघणार?"

रविवारची सोय त्यांनी जिना उतरेपर्यंत लावली. रविवार खंडोबाचा वार. "रयवारचं देव बघंल. शनवारचं काय?" हे त्यांनी मला विचारलं. मी शिरूरच्या शाळेत इतिहास शिकवत होतो.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. राहू या त्यांच्या गावात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती आणि ती दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात. मामाही लग्न होईपर्यंत खांद्यावर घोंगडी टाकून त्यांच्यामागे चालले. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. उंची, मिशा आणि आवाज मात्र माळावरचाच राहिला. ओट्यावर बसून ते हळू बोलले, तरी समोरच्या आळीतली म्हैस मान वर करी. तरुणपणी त्यांनी एकट्यानं काठी घेऊन लांडग्याच्या तोंडातलं कोकरू सोडवलं होतं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत; शेजारी सांगू लागला की फक्त लांडग्याचा आकार दुरुस्त करत. असा माणूस सकाळी ती तिळाएवढी गोळी तळहातावर घेई तेव्हा डोळे मिटून खंडोबाचं नाव घेत असे. मामी पाण्याचा तांब्या धरून उभी राही आणि दुसरीकडे बघत राही.

मेंढपाळीतून मामांनी औषधाचं एक शास्त्र आणलं होतं. कळपाला रोग आला की त्यांचे वडील पाच-सात पाले, हळद, मीठ, गूळ आणि हाताला लागेल ते एकत्र कुटून बांबूच्या नळीनं प्रत्येक मेंढराच्या घशात ओतत. "मेंढराला इचारता येत न्हाई, तुला काय हुतंय. मग समदं एकदम पाजायचं. कायतरी लागू पडतंच," असं मामा सांगत. जी मेंढरं जगत ती औषधानं जगत आणि जी मरत त्यांचं आयुष्यच तेवढं असे. या पद्धतीत औषध कधीच चूक ठरत नाही. मोठमोठ्या संस्था याच तत्त्वावर चालतात.

तेव्हा शनिवारी मामांनी गोळीच्या जागी बदली कामगार नेमले, याचं नवल वाटायला नको होतं. आधी पोटाचं चूर्ण आलं. मग गुडघ्याची लाल गोळी आली, जी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात गेलेल्या कोणाकडूनही मागवता येई. मग शक्तीची पावडर आली. कासुर्डीच्या एका मंगल कार्यालयात या पावडरीची सभा होती. भर एप्रिलमध्ये कोट घालून आलेले एक गृहस्थ माइकवरून सांगत होते, की ही पावडर संपूर्ण नैसर्गिक आहे, कोणत्याही औषधाबरोबर चालते आणि हिचा दुष्परिणाम शून्य. घामानं त्यांचा टाय छातीला चिकटला होता. मी मामांच्या कानात म्हणालो, "हे खरं कशावरून?"

"मास्तर, एवढ्या उन्हात टाय घालणारा मानूस खोटं कशाला बोलंल? त्येला आदीच तरास हाय."

सुरुवातीला हे बदली कामगार फक्त शनिवारी येत. पण शनिवारची भीती शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होई आणि सोमवारी दुपारपर्यंत रेंगाळे. थोड्याच दिवसांत ते सगळे कायम झाले.

याच सुमारास मामांनी तंबाखू सोडली. डॉक्टरांनी सांगितलं आणि मामांनी चंची उकिरड्यावर फेकली. हे धैर्य लांडग्याच्या गोष्टीपेक्षा मोठं होतं असं मला आजही वाटतं. रिकामी दाढ शांत बसेना म्हणून ते ज्येष्ठमधाची कांडी चघळू लागले. सकाळी तोंड धुतलं की कांडी दाढेखाली, ती रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. चहातही ज्येष्ठमध, खोकल्याच्या काढ्यातही ज्येष्ठमध. गावाला ही गोष्ट इतकी आवडली की मंडळाच्या पोरांनी व्यसनमुक्तीचा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे ऊन उतरल्यावर आले, शाल-श्रीफळ झालं आणि पाहुणे म्हणाले की आबांनी विष टाकून अमृत हाती धरलं आहे. त्या अमृताच्या कांड्या उपस्थितांना वाटण्यात आल्या. पाहुण्यांनी स्वतःची कांडी खिशात ठेवली आणि गाडीत बसल्यावर तंबाखू मळली.

पुढच्या महिना-दोन महिन्यांत मामांच्या अंगातली ताकद हळूहळू कमी झाली. आधी ते शेतावर जायचे थांबले, मग पारावर. पिंडऱ्यांत गोळे येऊ लागले. गावाचं निदान होतं की तंबाखू सुटल्यावर माणूस असा ढिला पडतोच. मामी गावाचं ऐकत नव्हती. ती ताट बघत होती. भाकरीचा पापुद्रा सुटलेला आणि खालची भाकरी तशीच. मग वाटीतलं कोरड्यास तसंच. मग ताट बघूनच मामा तोंड फिरवू लागले.

आणि एका सकाळी मामांना जग पिवळं दिसू लागलं.

गोठ्याचा चुना पिवळा, दुधाची किटली पिवळी, ओट्यावरच्या दिव्याभोवती पिवळं कडं. राहूत आणि अवतीभवतीच्या वाड्यावस्त्यांत पिवळ्या रंगाचा अर्थ एकच. जेजुरीला भंडारा उधळला की देव, माणसं, पायऱ्या, कुत्री सगळं असंच पिवळं होतं. मामांनी मामीला हळूच सांगितलं, "देवानं भंडारा टाकलाय माझ्यावर." मामांचं हळू म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. दुपारपर्यंत ओट्याखाली चपलांचा ढीग पडला.

दूध डेअरीतून मामीचा शाळेत फोन आला. "मास्तर, तुमच्या मामांस्नी देव दिसाया लागलाय. आन् दोन दिस झालं प्वाटात अन्न न्हाई. या." यातलं दुसरं वाक्य ऐकून मी तास अर्धा सोडून निघालो.

मी पोहोचलो तेव्हा मामा खाटेवर बसवलेले होते. कपाळ भंडाऱ्यानं माखलं होतं. बायका पाया पडत होत्या आणि पुरुष जागरणाला वाघ्या-मुरळी कुठून आणायचे यावर बोलत होते. सत्काराच्या वेळचीच पोरं मांडवाची मापं घेत होती. सगळ्यांचे चेहरे सणासारखे होते. एका माणसाचा नव्हता.

"समदी भाईर व्हा," मामा म्हणाले. आवाज ओट्यापलीकडे गेला नाही. लोक गेले, ते बहुधा त्या आवाजाला दचकून. मामांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, मला भ्या वाटतंय."

मी खाटेवर त्यांच्याशेजारी टेकलो.

"ह्ये समदी नाचायला लागल्यात. पर देव एवढा जवळ कवा येतो? न्यायचं असंल तवाच येतो की. आन् मला जायचं न्हाई. असं देवाच्या तोंडावर म्हनाया बी भ्या वाटतंय." मग खालच्या आवाजात, "म्हनून मी आज समदीच औषधं दोन-दोन येळा घेतली. गोळी बी."

त्यांनी धरलेलं मनगट सोडवून मी त्यांचं मनगट धरलं. नाडी मला कळते असं नाही, पण एवढं कळलं की ती चालत नव्हती, थांबत थांबत येत होती. एक ठोका. मग इतकी मोठी शांतता, की मी मामांच्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा एक. बाहेर कोणीतरी 'येळकोट येळकोट' म्हणून आरोळी दिली आणि मी खाटेवरून अर्धा उठलो.

मामी आतून आली ती धुतलेलं धोतर घेऊन. दोरीवरून नुकतंच काढलेलं, नीळ घातलेलं. तिनं ते मामांच्या समोर पसरलं.

"ह्ये कसं दिसतंय?"

"पिवळं," मामा म्हणाले.

"मास्तर, तुमी सांगा."

"पांढरं आहे."

"मग!" मामीचा आवाज चढला. "भंडारा पडला तर हाताला लागतो, धुण्याला लागतो. चार पान्यांतनं निघत न्हाई. जेजुरीवरनं आल्यावर ह्यांची कापडं कोण धुतंय? हितं माझ्या बोटाला कायसुदिक लागत न्हाई. पिवळं धोतरात न्हाई, ह्यांच्या डोळ्यात हाय. उठा. तळेगावला जायचं."

ओट्यावर लगेच कुजबुज सुरू झाली. शेजारचे आप्पा दारात आले. "वैनी, देव आलेला मानूस दवाखान्यात न्यायचा? देव रुसला म्हंजी?"

"देव खरा असंल तर तळेगावला बी यील," मामी म्हणाली. "जीपमधी जागा हाय. त्येला बसाया कोन नको म्हनतंय?"

आप्पा दारातून बाजूला झाले. जीप आली.

त्या प्रवासासारखा प्रवास मी पुन्हा केला नाही आणि करायचाही नाही. मामा मध्ये, मी आणि मामी दोन बाजूंना. खड्डा आला की मामांची मान पुढे पडे आणि आम्ही दोघं एकदम त्यांच्या छातीला हात लावत असू. भीमेच्या पुलावर त्यांनी डोळे उघडले. "पानी पिवळं. बगळं बी पिवळं," ते म्हणाले आणि जीपच्या बाहेर वाकून ओकले. पोटात काही नव्हतंच. ड्रायव्हर रस्ता सोडून सारखा आरशात बघत होता. त्यालाही आपल्या जीपमध्ये काय घडेल याची धास्ती असावी. मामीनं एका हातात मामांचा हात आणि दुसऱ्या हातात एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. मला वाटलं, कपडे असतील.

तळेगावला आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी नाडी धरली, छातीला नळी लावली, आणि मामा म्हणाले, "बाई, समदं पिवळं दिसतंय. दिव्याभवती कडं दिसतंय." बाईंचा हात तिथंच थांबला. डॉक्टरचा हात असा थांबलेला बघण्यापेक्षा वाईट गोष्ट फारशी नसते.

"आबा, हृदयाची गोळी घेता ना? तिच्याबरोबर आणखी काय काय घेता?"

"काय न्हाई," मामा म्हणाले. "साधीच औषधं."

मामीनं पिशवी टेबलावर उलटी केली.

चूर्णाचा डबा निघाला. लाल गोळ्यांची पाकिटं निघाली. पावडरीचा चकचकीत डबा, काढ्याची बाटली, हृदयाच्या गोळीबरोबर पुण्याहूनच मिळालेली लघवीची गोळी, आणि मग ज्येष्ठमधाच्या कांड्या, इतक्या की काही घरंगळून खाली गेल्या. बाई एक एक वस्तू उचलून बघत होत्या. कांड्यांपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "या किती खाता?"

"खात न्हाई. चघळतो."

"किती?"

"तोंड हाय तवर," मामी म्हणाली.

बाई मामांच्या समोर स्टूल ओढून बसल्या. "आबा, नीट ऐका. ज्येष्ठमध असं रोज चघळलं की अंगातलं पोटॅशियम निघून जातं. लघवीच्या गोळीनंही जातं. ते कमी झालं की हृदयाची गोळी नेहमीएवढीच घेतली तरी जड होते. गुडघ्याच्या गोळीचा ताण मूत्रपिंडावर येतो, आणि हृदयाची गोळी बाहेर पडते ती तिथूनच. म्हणजे एकीकडून ती जड झाली, दुसरीकडून अडकली. मग भूक जाते, ओकारी येते, नाडी मंदावते. आणि पिवळं दिसतं."

"आन् पावडर?" मामांनी विचारलं. त्यांना अजून टायवाल्याची आशा होती.

"हिच्यात काय आहे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही. विकणाऱ्यालाही नसणार."

मामांनी खाली घरंगळलेली एक कांडी उचलून टेबलावर ठेवली. "साधीच व्हती की वो समदी," ते म्हणाले.

बाईंनी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि आम्हाला त्याच जीपमध्ये पुढे धाडलं. आज घेतलेल्या दोन गोळ्यांचं मी बाईंना बाजूला सांगितलं होतं; ते त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा आवाज मुद्दाम खाली आणला. तो मला ऐकू आला. मामीलाही आला असावा, कारण पुण्यापर्यंत तिनं मामांचा हात सोडला नाही.

दवाखान्यात मामांच्या छातीला तारा लावल्या आणि डोक्याशी एक पडदा. त्यावर हिरवी रेघ उसळे, मग सपाट जाई, मग पुन्हा उसळे. त्या सपाट जागा मी आणि मामी काचेतून बघत होतो. मामी म्हणाली, "मास्तर, तिकडं बघू नगा." आणि स्वतः बघत राहिली. सलाइनमधून थेंब थेंब पोटॅशियम गेलं. गोळी बंद. ज्येष्ठमध बंद. सपाट जागा आखूड होत गेल्या. मग एका सकाळी मामांनी खाटेवरची चादर दोन बोटांत धरून नीट बघितली.

"पांढरी हाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "गेला वाटतं."

कोण ते मी विचारलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. जीव वाचल्याचा आनंद त्यात होताच. पण आयुष्यभर ज्याच्या पायऱ्या चढल्या तो एक दिवस आपल्या ओट्यावर येऊन गेला, असं वाटलेल्या माणसाचं दुःखही होतं. मी इतिहासाचा शिक्षक असूनही त्या वेळी काही समजावून सांगितलं नाही, हे बरं झालं.

गावात नाराजी होती. मांडवाची मापं वाया गेली होती. आप्पा तोंडावर म्हणाले, "डॉक्टरनीनं देव घालवला." मामांनी ओट्यावरून निकाल दिला, आणि आता आवाज पुन्हा म्हशीपर्यंत जात होता. "देव कुठं बी गेला न्हाई. आजार गेला. देव व्हता तिथंच हाय, जेजुरीला. सोमवतीला जाऊन बघून या, पटत नसंल तर."

त्यानंतरच्या वर्षांत मामा भित्रे म्हणून प्रसिद्ध झाले. हृदयाची गोळी पुढे पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा कमी, आणि अधूनमधून रक्त तपासून. पण बाईंना दाखवल्याशिवाय दुसरं काहीही त्यांच्या तोंडात जात नसे. लग्नात कोणी पान पुढे केलं तर ते उलगडून आत ज्येष्ठमध आहे का बघत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण हातात घेऊन विचारत, "काय काय घातलंय?"

"आबा, परसाद हाय!"

"व्हय, पर काय काय?"

"रवा, तूप, साखर, केळं."

"केळं चालतंय, बाई म्हनल्यात," म्हणून मग खात. पोरं हसत. मामा म्हणत, "हसा. मी एकदा न्हाई भ्यालो, तवा समदं गाव पिवळं झालं व्हतं." खरं तर ते तेव्हाही भ्यालेच होते. फरक एवढाच, की तेव्हा भीती वाटली की गिळत. आता भीती वाटली की विचारत. शनिवार त्यांना शेवटपर्यंत जड गेला. पण तो ते ओट्यावर रिकाम्या तोंडानं बसून काढत. "भ्यायचं," ते मला म्हणाले होते, "पर भ्या वाटलं म्हनून गिळायचं काय न्हाई." आता मलाही रक्तदाबाची गोळी लागली आहे. डॉक्टरकडे जाताना मी घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून नेतो. डॉक्टर कौतुक करतात. मी श्रेय घेतो.

मामा बऱ्याच वर्षांनी, चांगले म्हातारे होऊन, एका चैत्रातल्या दुपारी छातीत कफ भरून गेले. दहाव्याला नदीकाठी एका पुढाऱ्यांचं भाषण झालं. ते म्हणाले, की अखेरच्या क्षणी आबांचा चेहरा उजळला, ते अंथरुणात उठून बसले, दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "आली, आली!" साक्षात म्हाळसाई आपल्या लेकराला न्यायला आली होती. लोकांनी हात जोडले. मीही जोडले. मामीनं पदर डोळ्यांना लावला.

मी त्या दुपारी खोलीतच होतो. मामा उठून बसले हे खरं आहे. दाराकडे बोट केलं आणि 'आली, आली' म्हणाले, हेही खरं आहे. दारावर, शेतातल्या मोटरीची वीज आली की लागणारा दिवा होता. त्या आठवड्यात राहूची थ्री-फेज वीज फक्त रात्री येत असे. त्या दिवशी ती दुपारीच आली, आणि मामांचं पुढचं आणि शेवटचं वाक्य "मोटर चालू करा" असं होतं. मोटर चालू केली. खालचा ऊस पूर्ण भिजला.